नगरपरिषदेच्या संकेतस्थळावरून लोकांशी मोकळेपणाने बोलायचं असेल तर काय करावं लागतं

प्रश्न थोडक्यात असा आहे. ‘क’ वर्ग नगरपरिषद. काही वर्षांपूर्वी ठेकेदाराकडून संकेतस्थळ करून घेतलं. त्यावर आज पदाधिकाऱ्यांचे फोटो, मुदत संपलेल्या निविदा आणि बरीच रिकामी पानं आहेत. साध्या साध्या माहितीसाठी लोक कार्यालयात चकरा मारतात, नाहीतर माहिती अधिकाराचा अर्ज टाकतात. आता मुख्याधिकाऱ्यांना ब्लॉगसारखं पान सुरू करून लोकांशी नियमित बोलायचं आहे. सुरुवात कुठून करायची, कोणी लिहायचं आणि काय लिहायचं नाही?

आधी एक गोष्ट सांगतो, बाकी सगळं तिच्यावर उभं आहे. खुलेपणा हे ठेकेदाराचं काम नाही, टेबलाचं काम आहे. कागद ज्या टेबलावर तयार होतो त्याच टेबलावरून, त्याच दिवशी तो संकेतस्थळावर गेला पाहिजे. बहुतेक ठिकाणी उलटं चालतं. बांधकाम विभागाचा लिपिक कागद स्कॅन करतो, तो संगणक अभियंत्याकडे जातो, तिथून ठेकेदाराला ईमेल होतो आणि ठेकेदार त्याच्या सवडीने चढवतो. या साखळीतला एक माणूस रजेवर गेला की संकेतस्थळ थांबतं. म्हणून नवीन डिझाइनवर पैसे घालण्याआधी प्रत्येक विभागातल्या एका कर्मचाऱ्याला स्वतंत्र लॉगिन द्या, दोन तासांचं प्रशिक्षण द्या आणि ‘प्रसिद्धी’ हे काम त्याच्या कार्यविवरणात लेखी आदेशाने घाला. आदेश नसेल तर पहिल्या बदलीनंतर ते काम कोणाचंच राहत नाही.

कायद्याचा आधार तुमच्या हातात आहेच. माहितीचा अधिकार अधिनियम २००५ च्या कलम ४(१)(ख) मध्ये १७ बाबी स्वतःहून प्रसिद्ध करायला सांगितल्या आहेत. कलम ४(२) म्हणतं की ही माहिती इंटरनेटसह वेगवेगळ्या मार्गांनी ठरावीक काळाने देत राहा, म्हणजे लोकांना अर्ज करण्याची वेळ कमीत कमी येईल. कलम ४(४) मध्ये स्थानिक भाषेचा आणि त्या भागात सर्वांत परिणामकारक ठरेल अशा माध्यमाचा उल्लेख आहे. ऑगस्ट २०२३ मध्ये सर्वोच्च न्यायालयानेही केंद्रीय आणि राज्य माहिती आयोगांना कलम ४ च्या अंमलबजावणीवर सतत देखरेख ठेवायला सांगितलं आहे. त्यामुळे ‘हे सगळं टाकायला वरून परवानगी लागेल का’ हा प्रश्न कोणी विचारला तर उत्तर सोपं आहे: परवानगी २००५ पासून आहे, आणि ती नुसती परवानगी नाही, कर्तव्य आहे.

गडबड होते ती या १७ बाबींचं एकच जाडजूड पुस्तक करण्यात. एकदा पीडीएफ बनवून टाकतात, मग त्यातले जनमाहिती अधिकारी बदलून जातात, वेतनश्रेणी बदलते, अंदाजपत्रक तीन वर्षं जुनं होतं, आणि सगळं पुस्तक पुन्हा करायला कोणालाच वेळ नसतो. बाबी सुट्या करा आणि त्या किती वेळाने बदलतात त्यानुसार मांडा. अधिकाऱ्यांची यादी, दूरध्वनी, जनमाहिती अधिकारी आणि अपिलीय अधिकारी यांची माहिती बदलीच्या दिवशीच बदलायची, ते काम आस्थापना विभागाचं. परवाने आणि बांधकाम परवानग्यांची यादी दरमहा. अंदाजपत्रक वर्षातून एकदा, पण जमाखर्च दर तिमाहीला. समित्यांच्या बैठका, विषयपत्रिका आणि इतिवृत्त ज्या त्या सभेनंतर. अधिकार, कर्तव्यं, नियमावली ही क्वचित बदलतात, ती वर्षातून एकदा तपासली तरी चालतात. प्रत्येक पानाखाली दोन ओळी असू द्या: ‘शेवटची तपासणी’ची तारीख आणि जबाबदार अधिकाऱ्याचं पदनाम. नाव न देता पदनाम दिलं की बदलीनंतर ती ओळ खोटी ठरत नाही.

आता मुखपृष्ठावर काय ठेवायचं? हे बैठकीत ठरवू नका. आवक नोंदवही काढा, मागच्या तीन महिन्यांतले माहिती अधिकाराचे अर्ज आणि तक्रारी विषयवार मोजा. नागरी सुविधा केंद्राच्या खिडकीवर बसणाऱ्या कर्मचाऱ्याला आठवडाभर प्रत्येक प्रश्नासमोर एक रेघ मारायला सांगा. जे दहा विषय वर येतील, तेच तुमचं मुखपृष्ठ. बहुतेक गावांत ते सारखेच निघतात: घरपट्टीची थकबाकी, पाणी कधी येणार, जन्ममृत्यूचे दाखले, मालमत्तेच्या नोंदीतला फेरफार, बांधकाम परवानगी, कचरागाडीची वेळ आणि ‘आमच्या गल्लीतला रस्ता कधी होणार’. पानाच्या शीर्षकात लोक बोलतात तेच शब्द ठेवा. घरपट्टी शोधणाऱ्याला ‘मालमत्ता कर आकारणी व वसुली’ सापडत नाही, म्हणून दोन्ही शब्द त्या पानावर असू द्या.

सेवांच्या बाबतीत महाराष्ट्र लोकसेवा हक्क अधिनियम २०१५ मुळे निम्मं काम झालेलं आहे. प्रत्येक अधिसूचित सेवेसाठी कागदपत्रं, शुल्क, मुदत, पदनिर्देशित अधिकारी (ती सेवा देण्याची जबाबदारी ज्याच्यावर आहे तो), पहिलं आणि दुसरं अपील कोणाकडे, हे ठरलेलं असतं. सबळ कारण नसताना सेवा नाकारली किंवा उशीर केला तर ५०० ते ५,००० रुपयांपर्यंत शास्तीची, म्हणजे दंडाची, तरतूद आहे. हा तक्ता जवळजवळ सगळीकडे टाकलेला असतो. त्यात एक रकाना वाढवा: गेल्या महिन्यात ही सेवा प्रत्यक्षात सरासरी किती दिवसांत दिली. मुदत सात दिवस आणि सरासरी अकरा असेल तर ते लपवू नका, खाली कारण लिहा. हा एक रकाना लोकांचा विश्वास जितका वाढवतो तितका दहा उद्घाटनांच्या फोटोंनी वाढत नाही. शिवाय कार्यालयातही त्याचा परिणाम होतो, कारण दर महिन्याला तो आकडा कोणाला तरी भरावा लागतो.

विकासकामांचं पान हा खुलेपणाचा खरा कस. ‘प्रभाग ६ मध्ये रस्त्याचे काँक्रिटीकरण, प्रगतीपथावर’ ही माहिती नव्हे. प्रत्येक कामाला एक कायमचा क्रमांक द्या आणि त्या क्रमांकाचं एक पान करा. त्यावर क्रमाने असावं: कामाचं नाव, सुरुवात आणि शेवट दाखवणाऱ्या खुणा (कोणत्या घरापासून कोणत्या चौकापर्यंत), लांबी, रुंदी, जाडी, निधी कोणत्या योजनेचा, प्रशासकीय मान्यतेचा ठराव क्रमांक, तारीख, रक्कम, तांत्रिक मान्यता, निविदा सूचना, आलेल्या निविदांची संख्या, मंजूर दर अंदाजपत्रकीय दरापेक्षा किती टक्के कमी किंवा जास्त, ठेकेदाराचं नाव, कार्यारंभ आदेशाची तारीख आणि काम संपवण्याची मुदत, मुदतवाढ दिली असेल तर किती वेळा आणि कशासाठी, आतापर्यंत अदा केलेली देयकं, आणि शेवटी दोषदायित्व कालावधी कधी संपतो. ही शेवटची तारीख जवळपास कुठेच दिलेली नसते, आणि नागरिकाला सर्वांत उपयोगी तीच. रस्ता दोन वर्षांत उखडला तर दुरुस्ती ठेकेदाराने स्वखर्चाने करायची की नगरपरिषदेने नवं अंदाजपत्रक करायचं, हे त्या तारखेवर ठरतं. रस्त्यावरच्या कामाच्या फलकावरही तोच क्रमांक लिहा.

या पानावर हमखास होणारी चूक म्हणजे एककांची सरमिसळ. अंदाजपत्रक हजारांत, वृत्तपत्रातली बातमी लाखांत, निविदा पूर्ण रुपयांत. वाचणाऱ्याला ४५,००० दिसतं आणि ते ४५ हजार की ४.५ कोटी हे कळत नाही. संकेतस्थळावर सगळीकडे पूर्ण रुपये लिहा. जीएसटी धरून की वगळून, तेही लिहा. मान्यतेची रक्कम आणि कार्यारंभ आदेशाची रक्कम यांच्यातला फरक बऱ्याचदा याच एका गोष्टीमुळे असतो, आणि स्पष्टीकरण नसलं की तो घोटाळा वाटतो.

आता ब्लॉगकडे येऊ. तो ‘कामकाजाची नोंद’ म्हणून चालवा. आठवड्याचा एक वार ठरवा, समजा शुक्रवार, आणि एका विभागाने एकच विषय दोनशे ते चारशे शब्दांत लिहावा. लिहिणाऱ्याचं पदनाम वर असावं. काय ठरलं, का ठरलं, किती खर्च, कोणता दुसरा पर्याय समोर होता आणि तो का घेतला नाही, आणि कोणाला विचारायचं: एवढं आलं की नोंद पुरी झाली. ‘का ठरलं’ हा भाग सोडू नका. महत्त्वाची धोरणं आखताना किंवा लोकांवर परिणाम करणारे निर्णय जाहीर करताना संबंधित वस्तुस्थिती प्रसिद्ध करावी, असं कलम ४(१)(ग) सांगतं. बाजारपेठेत एकेरी वाहतूक केली, कचरा डेपोची जागा बदलली, पाण्याचं आवर्तन एक दिवसाआडवरून दोन दिवसांआड नेलं, अशा वेळी हे कलम नुसतं कागदावर राहू नये. पर्याय का नाकारला हे लिहायला अधिकारी बिचकतात, कारण त्यातून वाद निघेल असं वाटतं. वाद तसाही निघतोच. कारण लिहिलेलं असेल तर तो निदान खऱ्या मुद्द्यावर होतो.

मंजुरीची पायरी एकच ठेवा. विभागप्रमुखाने लिहायचं, मुख्याधिकाऱ्यांनी किंवा त्यांनी नेमलेल्या उपमुख्याधिकाऱ्यांनी चोवीस तासांत पाहायचं. पाहिलं नाही तर मंजूर समजायचं, असा आदेशच काढा. नोंद चार टेबलांवरून फिरली की तिच्यातला प्रत्येक आकडा गळतो आणि शेवटी ‘नगरपरिषद कटिबद्ध आहे’ एवढंच उरतं. अशी वाक्यं मसुद्यातून सरळ काढून टाका. सत्कार, भूमिपूजन, वाढदिवसाच्या शुभेच्छा या पानावर नकोत. ते प्रसिद्धिपत्रकांचं वेगळं पान आहे, तिथे जाऊ द्या.

सूचना कशी लिहायची हे एका उदाहरणाने दाखवतो. नेहमीची सूचना अशी असते: ‘तांत्रिक कारणास्तव शहराचा पाणीपुरवठा विस्कळीत राहील. नागरिकांनी पाण्याचा वापर काटकसरीने करून नगरपरिषदेस सहकार्य करावे.’ यातून कोणाचं पाणी, कधी, किती वेळ, काहीच कळत नाही. म्हणून दूरध्वनी वाजायला लागतो. तीच सूचना अशी लिहा:

‘गुरुवार, १७ जुलै २०२५. जुना बाजार, कुंभारवाडा आणि स्टेशन रस्ता (गांधी चौकापर्यंत) इथे सकाळचं पाणी येणार नाही. इतर भागांत नेहमीप्रमाणे येईल. कारण: गांधी चौकाजवळ ३०० मिलिमीटर व्यासाची मुख्य जलवाहिनी फुटली आहे. दुरुस्ती बुधवारी रात्री १० वाजता सुरू होईल, गुरुवारी सकाळी ६ पर्यंत संपेल असा अंदाज आहे. त्यानंतर टाकी भरायला साधारण सहा तास लागतील. शुक्रवारी नेहमीच्या वेळी पाणी येईल. सुरुवातीला दहा-पंधरा मिनिटं गढूळ येऊ शकतं, ते पिण्यासाठी भरू नका. टँकर गुरुवारी सकाळी ७ ते १० शाळा क्रमांक २ जवळ असेल. पुढची माहिती गुरुवारी सकाळी ८ वाजता याच पानावर.’

शेवटची ओळ सर्वांत महत्त्वाची. सकाळी आठला दुरुस्ती झालेली नसेल तरी आठ वाजता पान बदललंच पाहिजे: ‘दुरुस्ती अजून सुरू आहे, पुढची माहिती ११ वाजता.’ लोक उशीर समजून घेतात. काहीच कळलं नाही की त्यांचा संयम सुटतो.

आपत्तीच्या काळात याच शिस्तीवर जीव अवलंबून असतात. पंचगंगेची राजाराम बंधाऱ्यावरची इशारा पातळी ३९ फूट आणि धोका पातळी ४३ फूट; सांगलीत आयर्विन पुलाजवळ हे आकडे ४० आणि ४५ फूट. कोल्हापूर-सांगलीच्या लोकांना हे पाठ आहेत, कारण वर्षानुवर्षं पातळी याच खुणांशी जोडून सांगितली जाते. राधानगरी धरणाचा एक स्वयंचलित दरवाजा उघडला म्हणजे १,४२८ क्युसेक (सेकंदाला इतके घनफूट पाणी), हेही तिथल्या माणसाला ठाऊक असतं. नुसतं ‘नदीच्या पाण्यात वाढ’ म्हटलं तर कोणी घर सोडत नाही. ‘सकाळी ७ वाजता ४१ फूट ३ इंच, मागच्या तीन तासांत ५ इंच वाढ’ म्हटलं की गोठ्यातली जनावरं कधी हलवायची ते शेतकरी स्वतः ठरवतो. तुमच्या गावात नदी असेल तर तुमच्या पुलावर किंवा घाटावर अशी खूण आखा, आणि कोणत्या पातळीला कोणती गल्ली पाण्यात जाते याचा तक्ता पावसाळ्याआधीच प्रसिद्ध करा.

इथे व्हॉट्सॲपचा धोका आहे. पातळीचा आकडा चित्र म्हणून फिरला की कालचं चित्र आजही फिरत राहतं. म्हणून प्रत्येक चित्रावर तारीख आणि वेळ ठळक छापा आणि खाली एकच न बदलणारा पत्ता द्या, जिथे ताजा आकडा सर्वांत वर असेल. दर तासाला नवं पान काढू नका, नाहीतर जुनी पानं गूगलवर वर येतात.

मजकुराच्या तांत्रिक बाजूकडे मराठी संकेतस्थळांवर फार दुर्लक्ष होतं, आणि त्यामुळे असलेली माहितीही सापडत नाही. सगळा मजकूर युनिकोडमध्येच, म्हणजे कोणत्याही संगणकाला ओळखता येणाऱ्या अक्षरपद्धतीत, टंकित करा. श्रीलिपी, कृतिदेव यांसारख्या जुन्या फॉन्टांत केलेला कागद पडद्यावर मराठी दिसतो, पण आतून रोमन अक्षरांचा गोंधळ असतो. गूगलला तो वाचता येत नाही, अंध व्यक्तीला मजकूर वाचून दाखवणाऱ्या स्क्रीन रीडरलाही नाही. सही-शिक्क्यानंतर स्कॅन केलेली पीडीएफ म्हणजे नुसता फोटो. चाळीस पानांचा रंगीत स्कॅन वीस-तीस एमबीचा होतो, आणि ज्याच्याकडे मोबाइलचा डेटा मोजका आहे तो ते उघडतही नाही. वर्डमधून थेट पीडीएफ केली तर तोच कागद बहुधा एक एमबीच्या आत बसतो. सही हवी असेल तर डिजिटल स्वाक्षरी करा. ते शक्य नसेल तर स्कॅनसोबत टंकित मजकूरही त्याच पानावर ठेवा.

एक बारीक गोष्ट, जी जवळून पाहिल्याशिवाय लक्षात येत नाही. ‘अधिकाऱ्यांची’ या शब्दातला अर्धा र युनिकोडमध्ये दोन प्रकारे टंकित होतो: एकदा ऱ या स्वतंत्र अक्षरापासून, आणि एकदा साध्या र ला हलन्त देऊन मध्ये एक अदृश्य जोडचिन्ह घालून. पडद्यावर दोन्ही सारखे दिसतात, पण शोधपेटीच्या लेखी ते दोन वेगळे शब्द आहेत. एका लिपिकाचा कीबोर्ड एक प्रकार देतो, दुसऱ्याचा दुसरा, आणि शोधल्यावर निम्मी पानं सापडतच नाहीत. संकेतस्थळ करणाऱ्याला सांगा की मजकूर साठवताना आणि शोधताना दोन्ही रूपं एकच धरायची. काही ओळींचं काम आहे. पानाची भाषा हिंदी न ठेवता मराठी अशी नोंदवा, म्हणजे ज्या फॉन्टात सोय आहे त्यात ल आणि श मराठी वळणाचे दिसतील, आणि स्क्रीन रीडरला मराठी आवाज निवडता येईल.

फाइलचं नाव मात्र रोमन अक्षरांत ठेवा: आधी वर्ष, मग महिना, मग दिवस, मग विषय, मधे आडव्या रेघा, रिकामी जागा कुठेही नाही. देवनागरी नाव दिलं तर लिंक पाठवताना एकेका अक्षराची नऊ-नऊ चिन्हं होतात, आणि ती लांबलचक लिंक पाहून लोक फसवणुकीचा संदेश समजून पुसून टाकतात. ठरावांना आणि आदेशांना कायमचा क्रमांक द्या. राज्य शासनाने हे चांगलं केलं आहे: प्रत्येक शासन निर्णयाला १८ अंकी सांकेतांक असतो, त्यातले पहिले आठ अंक तारखेचे. तो आकडा हाती असला की निर्णय सापडतो.

अंदाजपत्रक, देयकं, कामांची यादी असे तक्ते पीडीएफसोबत एक्सेल किंवा सीएसव्ही रूपातही द्या. तिथे १, २, ३ या देवनागरी आकड्यांऐवजी आंतरराष्ट्रीय आकडे वापरा, कारण अनेकदा गणनपत्रक देवनागरी आकड्यांना मजकूर समजतं आणि बेरीज शून्य दाखवतं. एका चौकटीत एकच गोष्ट ठेवा. चौकटी जोडून केलेले सुंदर तक्ते छापायला ठीक, हिशेबाला निरुपयोगी.

सूचना-हरकती मागवायच्या असतील तर घाई करू नका. केंद्र सरकारच्या २०१४ च्या पूर्वविधान सल्लामसलत धोरणात (कायदा करण्याआधी लोकांचं मत घेण्याच्या) मसुदा किमान ३० दिवस लोकांसमोर ठेवावा, सोबत सोप्या भाषेत स्पष्टीकरण द्यावं आणि आलेल्या सूचनांचा सारांश संकेतस्थळावर टाकावा असं म्हटलं आहे. ते केंद्रीय कायद्यांसाठी असलं तरी उपविधी (नगरपरिषदेचे स्वतःचे नियम), पार्किंगचे दर, फेरीवाला क्षेत्रं यांसाठी हेच माप घ्या. जिथे कायद्याने मुदत ठरवून दिली आहे तिथे अर्थातच तीच पाळायची. लोकांसमोर नकाशे ठेवले की काय होतं, याचं मोठं उदाहरण मुंबईचं. २०१४-३४ च्या विकास आराखड्याचा मसुदा फेब्रुवारी २०१५ मध्ये प्रसिद्ध झाला. उभ्या इमारतींवरून आणि वारसा वास्तूंवरून गेलेले रस्ते, चुकीची आरक्षणं लोकांनी एकेक करून दाखवून दिली, आणि एप्रिल २०१५ मध्ये राज्य सरकारने तो मसुदा मागे घेऊन दुरुस्त करायला सांगितलं. काही जण याला खुलेपणाची नामुष्की म्हणतात. मला हा खुलेपणाचा सर्वांत मोठा उपयोग वाटतो, कारण त्या चुका मंजूर आराखड्यात गेल्या असत्या तर घरांवर गेल्या असत्या.

प्रत्येक सूचनेला उत्तर द्या: स्वीकारली, अंशतः स्वीकारली, नाकारली, आणि एका वाक्यात कारण. पुण्यात २००६ पासून नागरिकांकडून अंदाजपत्रकासाठी कामं सुचवून घेण्याची पद्धत आहे. तुम्हीही ती सुरू केलीत तर सुचवलेल्या कामाचं पुढे काय झालं हे दाखवणारा तक्ता पहिल्याच वर्षी करा. उत्तर मिळालं नाही की दुसऱ्या वर्षी अर्ज भरणारे फक्त माजी नगरसेवकांचे कार्यकर्ते उरतात.

प्रतिक्रिया उघड्या ठेवायच्या की नाही? ठेवा, पण नियम आधी जाहीर करा. शिवीगाळ, जात-धर्मावरून चिथावणी, कोणाची खासगी माहिती आणि जाहिरात एवढंच काढलं जाईल. टीका काढली जाणार नाही, मग ती मुख्याधिकाऱ्यांवर असो की अध्यक्षांवर. उत्तर तीन कामकाजाच्या दिवसांत, पदनामासह. तक्रार आली तर तिथेच वाद घालत बसू नका. तक्रार नोंदवहीचा क्रमांक द्या आणि क्रमांकावरून स्थिती पाहता येईल अशी सोय करा. दर महिन्याला प्रभागवार आलेल्या, निकाली निघालेल्या आणि ३० दिवसांपेक्षा जास्त पडून असलेल्या तक्रारी प्रसिद्ध करा. इथे ‘निकाली’ म्हणजे काम झालं किंवा होणार नसल्याचं कारण लेखी कळवलं. ‘संबंधित विभागाकडे वर्ग केली’ म्हणजे निकाली नव्हे. ही व्याख्या ढिली ठेवली की आकडा ९५ टक्के दिसतो आणि खड्डा तसाच राहतो.

माहिती अधिकारातली उत्तरंही संकेतस्थळावर टाकायला हरकत नाही. केंद्राच्या कार्मिक विभागाने एप्रिल २०१३ च्या मार्गदर्शक सूचनांत हेच सुचवलं आहे. अर्जदाराचं नाव-पत्ता मात्र काढा. अर्जदाराला धमक्या येण्याचे प्रकार महाराष्ट्रात घडलेले आहेत, ही काळजी फाजील नाही.

काय टाकायचं नाही, यात सर्वांत जास्त चुका लाभार्थी याद्यांत होतात. अनुदान कोणाला मिळालं हे कलम ४ प्रमाणे जाहीर करायचं आहे, पण आधार क्रमांक, बँक खातं, मोबाइल, आजाराची नोंद यांची तिथे गरज नाही. आधार क्रमांक जाहीर करायला आधार अधिनियम २०१६ च्या कलम २९ ने मनाई आहे. तरीही सुमारे २१० सरकारी संकेतस्थळांवर लाभार्थ्यांची आधार माहिती उघडी असल्याचं २०१७ मध्ये समोर आलं. हे बहुधा दोन कारणांनी होतं. एक, एक्सेलमधला रकाना लपवलेला असतो, पुसलेला नसतो. फाइल उतरवणारा तो एका क्लिकमध्ये उघडतो. दोन, पीडीएफमध्ये आकड्यावर काळी पट्टी ओढलेली असते, पण खालचा मजकूर निवडून नक्कल करता येतो. रकाना पूर्ण पुसून नवी फाइल करा आणि दुसऱ्या माणसाकडून दुसऱ्या संगणकावर उघडून तपासून घ्या. राजस्थानात सप्टेंबर २०१९ पासून सुरू असलेलं जनसूचना पोर्टल या दृष्टीने जरूर पाहा. गावाचं नाव निवडलं की रेशन दुकान, निवृत्तिवेतन, रोजगार हमी यांची माहिती स्थानिक पातळीवर दिसते. लोकांना राज्याची सरासरी नको असते, आपल्या वाडीचं हवं असतं.

प्रशासकाच्या, म्हणजे निवडून आलेल्या सदस्यांऐवजी नेमलेल्या अधिकाऱ्याच्या, काळाचाही विचार करून ठेवा. २०२२ पासून राज्यातल्या अनेक नगरपरिषदा आणि महापालिका प्रशासकांच्या हाती होत्या. त्या काळात सभाच नसल्यामुळे विषयपत्रिका नाही, चर्चा नाही, पत्रकारांची उपस्थिती नाही. प्रशासकाच्या सहीने ठराव होतात. अशा वेळी प्रत्येक ठराव कारणासह त्याच आठवड्यात प्रसिद्ध करणं अधिक गरजेचं आहे. निवडणुकीची आचारसंहिता लागली की पदाधिकाऱ्यांचे फोटो आणि नव्या घोषणा काढाव्या लागतात. फोटो मुळात मुखपृष्ठाच्या साच्यात नसले तर हे दहा मिनिटांत होतं. पाण्याच्या वेळा, सेवा, चालू कामांची माहिती मात्र आचारसंहितेतही चालू राहते. भीतीपोटी सगळं संकेतस्थळ बंद करू नका.

राहिली मालकी. संकेतस्थळाचं नाव (डोमेन) सरकारी, म्हणजे गव्ह डॉट इन, असावं. ते राष्ट्रीय सूचना विज्ञान केंद्राकडून सक्षम अधिकाऱ्याच्या पत्रावर मिळतं. ठेकेदाराच्या नावावर घेतलेलं खासगी नाव नूतनीकरण चुकलं की सुटतं, आणि मग दुसरं कोणी ते घेऊन जुगाराच्या जाहिराती चालवतं. संकेतस्थळ सुरू करण्याआधी सर्ट-इन या केंद्र सरकारच्या सायबर सुरक्षा संस्थेच्या यादीतल्या संस्थेकडून सुरक्षा तपासणी करून घ्या, आणि भारत सरकारच्या संकेतस्थळांसाठीच्या मार्गदर्शक तत्त्वांची २०२३ ची तिसरी आवृत्ती करारात नाव घेऊन लिहा. अक्षर आणि पार्श्वभूमी यांतला रंगफरक किमान ४.५ ला १ असावा, कळफलकाने पूर्ण संकेतस्थळ चालावं, या गोष्टी स्वीकृती चाचणीतच, म्हणजे ठेकेदाराकडून काम ताब्यात घेताना, तपासा. बिल अदा झाल्यावर कोणी करून देत नाही. नवं संकेतस्थळ आलं तरी जुनी पानं नव्या पत्त्यावर वळतील अशी अट घाला, नाहीतर वर्षानुवर्षं लोकांनी जपून ठेवलेल्या लिंका एका दिवसात मरतात.

आणि सगळ्या खात्यांची एक नोंदवही ठेवा: नाव कुठे नोंदलं, नूतनीकरणाची तारीख, सुरक्षा प्रमाणपत्र कधी संपतं, कोणत्या विभागाचं लॉगिन कोणत्या पदाकडे, बॅकअप कुठे. खाती कर्मचाऱ्याच्या वैयक्तिक ईमेलवर काढू नका, पदाच्या सरकारी ईमेलवर काढा. मुख्याधिकारी किंवा संगणक अभियंता बदलून गेले की पदभार हस्तांतरणाच्या यादीत ही नोंदवही किल्ल्या आणि शिक्क्यांसोबत असली पाहिजे, आणि नव्या माणसाने त्याच दिवशी सगळे पासवर्ड बदलले पाहिजेत.